वहिनींचा रेडा

भक्तीचे नऊ प्रकार सर्वांना ठाऊक आहेत. दहावा कोणी उघड सांगत नाही, कारण तो फार सोपा आहे, आणि सोपे सांगितले की लोक तेवढेच करतात. तो दहावा प्रकार म्हणजे वैर. कंसाला घासात, पाण्यात, उशाशी, दाराशी एकच मूर्ती दिसत असे. ज्याचे स्मरण पळभर सुटले नाही, तो तरला. नाते प्रेमाचे होते की हाडवैराचे, याची चौकशी वरच्या दरबारात होत नसावी.

वहिनींनी आपल्या नणंदेचे असे अखंड स्मरण उभा जन्म केले.

साऱ्या वस्तीच्या त्या वहिनी. हिरवळ कापून देणे हा त्यांचा व्यवसाय. त्यांनी कापलेली हिरवळ पाहावी! पट्ट्याला पट्टा लागून, एक उजळ, एक गडद, जणू ताणून अंथरलेली सतरंजी. कोपऱ्यात एक काडी उभी नाही, कुंपणाखाली मिशी नाही. यंत्र भीत भीत चालवणाऱ्याच्या हातून कुंपणाच्या कडेला गवताची जी ओळ राहून जाते, तिला वहिनी मिशी म्हणत. दुसऱ्याच्या अंगणात अशी मिशी दिसली, की त्यांच्या ओठाचा डावा कोपरा खाली जाई आणि तो दिवसभर वर येत नसे. भर उन्हात पाणी घालणारे, ओल्या गवतावर यंत्र घालणारे, प्लास्टिकची हिरवळ अंथरून वर ती फडक्याने पुसणारे, अशा सर्वांसाठी वहिनींजवळ एकच शब्द होता: "माणसं!" एवढेच म्हणत, आणि ऐकणाऱ्याला माणसाच्या जन्माला आल्याची लाज वाटे.

त्यांचे यंत्र पेट्रोलचे होते. काळे, बसके, खांद्यात रुंद. त्याचे नाव रेडा. दोरी पहिल्यांदा ओढली की तो खोके, दुसऱ्यांदा निळा धूर सोडी, आणि तिसऱ्यांदा असा हंबरे, की शेजारच्या खिडक्यांची तावदाने थरथरत. रेड्याच्या मुखातून वेद निघाल्याची कथा आपण ऐकली आहे. या रेड्याच्या मुखातून नुसता धूर निघे, पण वहिनींना तोच ओंकार. दोरी ओढण्यापूर्वी त्या दोन्ही कानांवर प्लास्टिकच्या जाड पिवळ्या वाट्या चढवीत. मग बाहेर रेडा आणि आत शांतता. त्या शांततेत वहिनी एकट्या, मुक्त, कैवल्यस्वरूप!

कारण रेडा केवळ गवतासाठी नव्हता. रेडा वन्संसाठी होता.

वन्सं म्हणजे वहिनींच्या नणंदबाई, नवऱ्याची थोरली बहीण. त्यांचा सारा जन्म बसस्थानकावर उद्घोषणा करण्यात गेला. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली, कोणती उशिराने धावते आहे, कोणाचे मूल चौकशी खिडकीपाशी रडते आहे, हे सारे गाव त्यांच्या तोंडून ऐकत असे. तो आवाज काय वर्णावा! घंटेसारखा स्वच्छ, काठीसारखा सरळ, आणि शेवटच्या फलाटावर पेंगणाऱ्या माणसालाही उठून उभा करील असा. निवृत्तीच्या दिवशी ध्वनिक्षेपक स्थानकावरच राहिला, पण आवाज घरी आला. आणि घर होते तीन खोल्यांचे.

दोघींच्या मध्ये एक भला माणूस होता. एकीचा नवरा, दुसरीचा धाकटा भाऊ. तो दोघींनाही "बरोबर आहे तुझं" म्हणत म्हणत एके दिवशी जगातून निघून गेला. मग मध्ये कोणीच उरले नाही.

"अगं, भाजीत मीठ घातलंयस, की मिठात भाजी?" वन्सं स्वयंपाकघरातून विचारीत आणि ते रस्त्यापर्यंत ऐकू जाई.

"जिभेला चव उरली असती तर कळलं असतं, वन्सं."

"माझ्या जिभेचं सोड. तुझ्या हाताचं बघ. गवत कापून कापून हाताला गवताचीच चव आलीय."

यावर वहिनी मागच्या अंगणात जात, कानांवर वाट्या चढवीत आणि दोरी ओढीत. वन्सं खिडकीत उभ्या राहून बोलत राहत, ओठ हलत, हात हलत, आणि वहिनी त्यांच्याकडे पाहत पाहत पट्टा मारीत. जगातला एकच आवाज वन्संच्या आवाजाहून मोठा होता आणि त्याची दोरी वहिनींच्या मुठीत होती. त्या घरामागचे हातरुमालाएवढे अंगण आठवड्यातून कितीदा कापले जाई, हे विचारू नये. तिथल्या गवतालाच विचारावे, ते कधी वर आले होते का!

शेजारी निवृत्त हेडमास्तर राहत. ते निसर्गप्रेमी होते. म्हणजे त्यांना निसर्गावर बोलायला फार आवडे. कुंपणापाशी येऊन ते म्हणत, "वहिनी, या धुराचा विचार करा. पृथ्वी आपली आई आहे."

"मास्तर, आई तुमची, आणि तिची काळजी मी घ्यायची होय?"

एकदा त्यांनी आपले हाताने ढकलायचे जुने यंत्र आणून दिले. पेट्रोल नाही, वीज नाही, नुसते दोन चाकांमध्ये फिरणारे पाते. वहिनींनी ते दोन हात पुढे ढकलले, मागे घेतले आणि परत केले. "घ्या तुमचा पांगुळगाडा. गवत कापत नाही हो हा, गवताची समजूत काढतो." कोणी आपोआप फिरणारे यंत्र घेतले होते, ताटाएवढे. ते अंगणभर एकटेच सरपटे आणि भिंतीला टेकले की वळे. वहिनी ते पाहायला मुद्दाम गेल्या. कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "झुरळ," म्हणाल्या आणि घरी आल्या. बॅटरीच्या यंत्राबद्दल तर त्यांचे मत ठरलेलेच होते. जे गुरगुरत नाही ते जनावर कसले, आणि जे दोरीने जागे करावे लागत नाही ते यंत्र कसले? "ज्याला हवं त्यानं खेळावं. माझं वय गेलं खेळण्याचं."

असे चालले होते. आणि मग वन्संचा आवाज बसला.

सुरुवातीला वहिनींना वाटले, देवाने नवस न बोलता ऐकला. पण सर्दीने बसलेला आवाज पुन्हा उठतो, तसा हा उठला नाही. गळ्यात गाठ निघाली. ती काढली. गाठ साधी होती, जिवाला धोका नव्हता. घरी आल्यावर काही दिवस पूर्ण मौन पाळायचे होते, ते वन्संनी पाळले. मौन संपले, तरी त्या बोलेनात. पेल्यावर चमचा वाजवीत. एकदा वाजला की पाणी, दोनदा वाजला की खिडकी.

वाचा शिकवणाऱ्या बाई दर आठवड्याला घरी येत. तरुण होत्या, पण बोलणे कामापुरते. त्यांनी वहिनींना बाहेर बोलावून सांगितले, "गळा आता बरा आहे. पण त्या वापरत नाहीत. पहिल्यांदा बोलल्या तेव्हा स्वतःचा फाटलेला आवाज ऐकला आणि तोंड मिटलं. रोज थोडं, हलक्या आवाजात बोलायलाच हवं. नाही तर गळा बोलणं विसरेल आणि मग मला काही करता येणार नाही."

"मग बोलायला सांगा त्यांना."

"माझ्याशी त्या का बोलतील? कुणाशी तरी बोलावंसं वाटलं पाहिजे. आणि ताण पडता कामा नये. गोंगाटावर आवाज चढवणं नको, धूर तर मुळीच नको." बाईंनी मागच्या दाराकडे पाहिले. तिथे रेडा उभा होता, तोंडाला काळे फासलेला.

"तो मशीन आहे," वहिनी म्हणाल्या, "काही तंबाखू ओढत नाही."

पण दुसऱ्याच दिवशी जे झाले, ते वहिनी पुढे कोणाजवळ बोलल्या नाहीत. त्या अंगणात रेड्याची दोरी ओढून त्याचा घसा साफ करीत होत्या. कानांवर वाट्या होत्या. सहज वर पाहिले, तर खिडकीत वन्सं. ओठ हलत होते. मान ताणलेली होती, गळ्याच्या शिरा दिसत होत्या, चेहरा लाल झाला होता. इतक्या दिवसांनी बोलताहेत! वहिनींच्या मनात क्षणभर जुने, गोड, दुष्ट सुख उमलले: बोला, बोला, मला काही ऐकू येत नाही. मग धुराचा लोट खिडकीकडे वळला आणि वन्सं खोकत खोकत खाली वाकल्या. वहिनींनी रेडा बंद केला, वाट्या उतरवल्या. वन्सं पुन्हा उभ्या राहिल्या. ओठ अजून हलत होते. रेडा गप्प होता, कान उघडे होते, आणि तरी काहीच ऐकू येत नव्हते.

वन्संनी स्वयंपाकघराकडे बोट दाखवले. तिथे दूध उतू जाऊन शेगडी विझली होती.

त्या क्षणी वहिनींना प्रथमच कळले, की ज्याच्या भीतीने तटबंदी उभारली, तो शत्रूच मैदानातून नाहीसा झाला, तर किल्ल्यात बसून राहणारा माणूस केवढा मूर्ख दिसतो. टोमणा मारायला कोणी नाही, म्हणजे टोमणा परतवायलाही कोणी नाही. उरलेला सारा जन्म पेल्यावरच्या चमच्याशी भांडायचे काय?

त्यांनी रेडा हातगाडीवर चढवला आणि दुकानात नेऊन दिला. बदल्यात बॅटरीचे यंत्र आणले. दुकानदार कौतुकाने म्हणाला, "छान केलंत. हवा स्वच्छ राहील." वहिनींच्या ओठाचा डावा कोपरा खाली गेला. "हवेचं मला काय सांगता? हवा काय माझी नणंद आहे?"

नवे यंत्र हिरवे, गुळगुळीत, वजनाने निम्मे. वरचे झाकण उघडायचे, बॅटरी खाली दाबायची, मुठीची दांडी धरायची. बस्स. ना खोकला, ना धूर, ना हंबरणे. पंखा फिरल्यासारखी घरघर. वहिनींनी त्याला नावही दिले नाही. वाचेच्या बाई नुकत्याच येऊन गेल्या होत्या आणि वन्सं मागच्या पायरीवर खुर्ची टाकून बसल्या होत्या, मांडीवर पेला आणि चमचा. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिले नाही. पट्टा मारायला सुरुवात केली. पाते तीक्ष्ण होते, हे त्यांना नाइलाजाने मान्य करावे लागले. पट्टे सरळ पडले, हेही. संपूर्ण अंगण झाले, त्या आत गेल्या, आणि मनाशी म्हणाल्या, आता बोलतील.

वन्सं बोलल्या नाहीत. इतकेच नव्हे, त्यांनी चमचाही वाजवला नाही. तहान लागली की स्वतः उठत. खिडकी स्वतः लावीत. जेवताना तोंड भिंतीकडे करून बसत. वाचेच्या बाई आल्या तेव्हा पांघरूण डोक्यावरून घेऊन पडून राहिल्या. बाई जाताना नुसत्या म्हणाल्या, "गेल्या आठवड्यात माझ्यासमोर एक वाक्य म्हणाल्या होत्या, छान म्हणाल्या होत्या. आता परत मागे गेल्या. वेळ फार नाही हो."

वहिनी चिडल्या. आपला रेडा दिला, धूर दिला, शांतता दिली, आपले कैवल्य दिले, आणि या बाईचा रुसवा! "काय हवंय तरी काय? आता काय स्थानक आणून देऊ अंगणात?" त्या भांड्यांना उद्देशून बोलल्या. भांडी नेहमीसारखी वाजली.

पुन्हा अंगण कापायचा दिवस आला. वहिनी काम संपवून बॅटरी काढत होत्या, तेवढ्यात कुंपणावरून हेडमास्तर हातवारे करताना दिसले. वहिनींनी कानांवरच्या वाट्या खाली केल्या.

"अभिनंदन, वहिनी! पृथ्वीमातेच्या वतीनं..."

"मातेला म्हणावं, स्वतः ये. वतीनं माणसं पाठवू नको."

मास्तर हसले. "पण एक विचारू? या मशीनचा तर आवाजच नाही. मग कानांवर ते कशाला?"

वहिनींचा हात मानेवर गेला. वाट्या तिथे होत्या. जोडे घालावे, पदर खोचावा, तशा त्या वाट्या. दोरी गेली, धूर गेला, रेडा गेला, आणि सवय तेवढी कानांना चिकटून राहिली होती.

"नाही, त्याचं असं झालं," मास्तर म्हणाले, "मागच्या वेळी तुमच्या नणंदबाई पायरीवरून तुम्हाला काही सांगत होत्या. आवाज खरखरीत होता, पण मला इथे ऐकू आलं. म्हणाल्या, 'बरं चालतंय की गं तुझं यंत्र.' दोनदा म्हणाल्या. तुम्ही ढुंकूनही पाहिलं नाहीत. मला वाटलं, घरगुती बाब. मी बोललो नाही."

"आयुष्यात एकदा गप्प बसलात, मास्तर," वहिनी म्हणाल्या, "आणि तेही नेमकं तेव्हाच!"

आणि त्यांनी मानेवरच्या वाट्या ओढून काढल्या. वन्संनी, वन्संनी बरे म्हटले होते! उभ्या जन्मात पहिल्यांदा. फाटक्या आवाजाची लाज गिळून, बाईंसमोर घोकलेले ते एक वाक्य, दोनदा. आणि समोर भावजय कानांवर वाट्या ठेवून, मान वर करून पट्टे मारीत होती. वन्संना काय वाटले असेल? हेच, की हिने रेडा घालवला, पण माझा आवाज ऐकायचा नाही म्हणून वाट्या तेवढ्या ठेवल्या.

आता साध्या माणसाने काय केले असते? आत जाऊन हात धरला असता, चुकले म्हटले असते. पण या दोघींच्या धर्मात तो विधी नव्हता. वहिनी आत जाऊन "चुकलं" म्हणाल्या असत्या, तर आपल्या मरणाची वेळ जवळ आली, असे वन्सं समजल्या असत्या. शिवाय कौतुकाला उत्तर कसे द्यायचे, हे वहिनींना येत नव्हते. त्यांना एकच भाषा येत होती आणि त्या भाषेतल्या दुसऱ्या एकमेव जाणकार पायरीवर तोंड मिटून बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी वाट्या शेगडीमागच्या खिळ्याला टांगल्या. काल कापलेले अंगण आज पुन्हा कापायला काढले. पाते उंचावर ठेवले, मग मध्येच खाली केले. आणि श्रोतेहो, ज्या बाईने दुसऱ्याच्या अंगणातली मिशी पाहून जेवण टाकले होते, तिने वन्संच्या खुर्चीच्या अगदी समोर, डोळ्यांदेखत, वाकडा पट्टा मारला. साधा वाकडा नव्हे, सापाने लाजावे असा. हात दुखला तिचा. एखाद्या गवयाने भर सभेत मुद्दाम बेसूर लावावा आणि चेहरा सरळ ठेवावा, तसा चेहरा तिने ठेवला.

वन्संनी पाहिले. मान वळवली. पुन्हा पाहिले.

वहिनींनी दुसरा पट्टा पहिल्याहून वाकडा मारला आणि एके ठिकाणी माती खरवडली.

चमचा वाजला. टण्.

"पाणी हवंय का?" वहिनींनी विचारले.

टण्, टण्, टण्! वन्सं चमच्याने गवताकडे दाखवीत होत्या.

"चमच्याची भाषा मला कळत नाही, वन्सं. मी काही ताटवाटी नव्हे. माणसाची भाषा असेल तर बोला."

वन्संनी वहिनींच्या कानांकडे पाहिले. कान उघडे होते. रिकामे, पिकलेल्या केसांखालचे दोन कान. वन्सं बघतच राहिल्या.

"काय झालं?" वहिनी म्हणाल्या आणि यंत्र चालूच ठेवून तिसरा पट्टा घेतला. "सरळ तर आहे की. तुमची नजर वाकडी. आधी गळा गेला, आता डोळेही गेले वाटतं."

"वा..." वन्संच्या गळ्यातून काहीतरी निघाले. गंजलेली कडी सरकावी तसे. "वाकडं!"

"काय म्हणालात?"

"वाकडं आहे गं, मेले! वाकडं!"

आवाज मोठा नव्हता. घंटेचा तर मुळीच नव्हता. कडेला चिरलेला, मध्येच हवेत विरणारा. पण यंत्राच्या घरघरीवरून तो सहज आला, न ओरडता, न ताणता आला. अंगण ओलांडून थेट उघड्या कानांत पोचला.

"वाकडं नाही," वहिनी म्हणाल्या. त्यांचा स्वतःचा आवाज का बसला, हे त्यांनी पुढे सर्दीवर ढकलले.

"अगं, दारुडाही याहून सरळ चालतो," वन्सं थांबल्या, श्वास घेतला, बाईंनी शिकवल्याप्रमाणे. "भाऊ असता तर लाजला असता."

"भाऊ असता तर 'बरोबर आहे तुझं' म्हणाला असता."

वन्संच्या गळ्यातून खरखर निघाली. खोकला नव्हता तो. त्या हसत होत्या. किती वर्षांनी हसत होत्या, याची नोंद कोणाजवळ नाही, कारण पूर्वी हसल्या असतील तेव्हा बहुधा रेडा चालू होता.

त्यानंतर रोज सकाळी थोडे थोडे बोलणे झाले. सारे बोलणे निंदेचे होते आणि एकही शब्द गोड नव्हता. वाचेच्या बाई चकित झाल्या. "काय करता तुम्ही यांच्याशी?" असे त्यांनी विचारले, तेव्हा वहिनींनी सांगितले, "काही नाही, अपमान." बाईंनी तोच चालू ठेवायला सांगितला. आवाज पूर्वीचा झाला नाही, होणारही नव्हता. पण त्याने घरात पुन्हा आपली जागा घेतली, आणि भाजीतल्या मिठाची चौकशी पुन्हा सुरू झाली. आता ती शेजाऱ्यापर्यंत जात नसे. ती फक्त ज्या कानांसाठी होती, त्या कानांपर्यंत जाई.

हेडमास्तरांनी एका सभेत वहिनींचा दाखला दिला. धुराचा त्याग, निसर्गावरची माया, वगैरे वगैरे. कोणीतरी ते घरी येऊन सांगितले. वहिनींच्या ओठाचा डावा कोपरा खाली गेला. "माणसं!" म्हणाल्या.

आजही वहिनींनी कापलेल्या हिरवळी वस्तीत ओळखू येतात. पट्ट्याला पट्टा, कोपऱ्यात एक काडी उभी नाही. फक्त त्यांच्या स्वतःच्या घरामागे, पायरीसमोरच्या कुंपणाखाली, हातभर लांबीची गवताची मिशी दर वेळी राहते. नवे गिऱ्हाईक ती पाहून गोंधळते. यंत्र थांबते, वहिनी बॅटरी काढतात, घाम पुसतात, आणि पायरीकडे पाठ करून उभ्या राहतात. मग पायरीवरून तो चिरलेला आवाज, स्थानकावरच्या जुन्या थाटात, सावकाश येतो:

"कृपया लक्ष द्या. कुंपणालगतचं गवत... नेहमीप्रमाणे... कापायचं राहिलेलं आहे."

"दिसतंय मला, वन्सं. आंधळी नाही मी."

"मग काप की!"

"कापीन. उद्या."